घाटमाथ्यापासून आण्याच्या पठारापर्यंत: जुन्नर तालुक्यात पाच दिवस

जुन्नर हा पुणे जिल्ह्याचा उत्तरेकडचा शेवटचा तालुका. पश्चिमेला सह्याद्रीची कड, तिच्याखाली ठाणे जिल्ह्याचं मुरबाड. पूर्वेला पारनेरची कोरडी पठारं. तालुका पालथा घालायचा तर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे घालावा, म्हणजे पाण्याच्या वाटेने. घाटमाथ्यावर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि आण्याच्या पठारावर जेमतेम पाचशेच्या आसपास. मधलं अंतर एका दिवसात एसटीने कापता येईल एवढंच. भात, ऊस, द्राक्ष, टोमॅटो, बाजरी ही पिकं याच क्रमाने लागतात. गड, लेणी आणि धरणं कुठे आहेत हेही या उतरणीवरून कळतं.

इथल्या जुन्या कागदांत खोऱ्याला ‘नेर’ म्हणतात. मीना नदीचं ते मीननेर, कुकडीचं कुकडनेर, मढच्या बाजूचं मढनेर. नकाशा उघडण्याआधी ही तीन नावं डोक्यात ठेवली तर रस्ते चुकत नाहीत, कारण माळशेजचा हमरस्ता सोडला तर तालुक्यातले पश्चिमेकडचे सगळे रस्ते एकेका नेरातून वर चढतात आणि शेवटी कड्यापाशी संपतात. एका नेरातून शेजारच्या नेरात जायला बहुतेक वेळा परत खाली जुन्नरलाच यावं लागतं. नकाशावर दोन बोटांचं अंतर पाहून बेत आखणारे इथेच फसतात.

हंगाम सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरची सुरुवात. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे जोरात असतात, पण घाटमाथ्यावर धुकं इतकं की समोरचा गड दिसत नाही, आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. एप्रिल-मेमध्ये गडावरची टाकी आटतात आणि कातळ तापतो. मुक्काम जुन्नर शहरात ठेवावा, शेवटच्या रात्रीचा नारायणगावात.

पहिला दिवस: माळशेज, खिरेश्वर, ओतूर

मुंबईकडून येणाऱ्यांनी कल्याण-मुरबाड-माळशेज या रस्त्यानेच यावं. कल्याणहून आळेफाटा किंवा नगरकडे (आताचं अहिल्यानगर) जाणारी कोणतीही एसटी चालते. टोकावडं सोडलं की वैशाखरेच्या आसपास डाव्या-उजव्या हाताला नजर न टाकता थेट समोरच्या भिंतीकडे पाहावं. त्या भिंतीत जी खाच दिसते ती नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण आणि सोपारा या बंदरांचा माल त्या खाचेतून वर चढायचा. आजचा हमरस्ता तिच्या पायथ्यावरून जातो आणि पुढे माळशेजच्या वळणांनी वर येतो. बैलाला आणि माणसाला उभी वाट चालते, ट्रकला चालत नाही, एवढाच दोन घाटांतला फरक.

माळशेजमध्ये पावसाळ्यात दरड पडणं नित्याचं. कारण साधं आहे: बेसॉल्टचे थर एकावर एक बसलेले, दोन थरांमध्ये मऊ, लालसर, मुरमाड पट्टा, पाणी त्या पट्ट्यात शिरलं की वरचा कातळ आधार सुटून खाली येतो. म्हणून कड्याला लागून गाडी उभी करून फोटो काढणं हा इथला सगळ्यात मोठा मूर्खपणा. घाट संपला की मोकळ्या जागा भरपूर आहेत.

माथ्यावर खुबी फाट्याला उतरलं की पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून खिरेश्वरला जाता येतं, साधारण पाच किलोमीटर. खिरेश्वरमधून टोलारखिंडीमार्गे हरिश्चंद्रगडाची वाट निघते, त्यामुळे बहुतेक लोक गावातलं नागेश्वराचं देऊळ न पाहताच पुढे पळतात. देऊळ लहान आहे, पण त्याच्या मंडपाच्या छतातल्या शिल्पपट्ट्या पाहायला मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. बॅटरी जवळ ठेवा. धरणाच्या फुगवट्याच्या कडेला पावसाळ्याच्या शेवटी रोहित पक्षी उतरतात. त्यांना घोट्याएवढ्या पाण्याची दलदल लागते. धरण काठोकाठ भरलं की ती दलदल बुडते आणि पक्षी दिसेनासे होतात.

संध्याकाळी ओतूर. मांडवी नदीच्या काठी कपर्दिकेश्वराचं देऊळ आणि जवळच बाबाजी चैतन्य यांची समाधी. तुकोबांना स्वप्नात गुरूपदेश देणारे ते हेच, अशी वारकरी परंपरा. श्रावणी सोमवारी इथे कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात, पहिल्या सोमवारी एक, दुसऱ्या सोमवारी दोन, अशा चढत्या क्रमाने. भिजवलेला भात नव्हे, कोरडा तांदूळ. तो ढासळू न देता रचणं हेच त्यातलं कसब. यात्रेला कुस्त्यांचा आखाडाही भरतो. ओतूरहून जुन्नर गाठायला रात्र करू नये. रस्ता उसाच्या फडांतून जातो, आणि उसातल्या बिबट्याबद्दल पाचव्या दिवशी बोलू.

दुसरा दिवस: कुकडनेर आणि नाणेघाट

जुन्नरहून नाणेघाट तीसेक किलोमीटर. घाटघरला एसटी जाते, पण फेऱ्या मोजक्या. परतीची गाडी चुकली तर रात्र गावातच. चार माणसं असतील तर जुन्नर स्थानकाबाहेरून जीप ठरवणं शहाणपणाचं. सकाळी सातला निघावं.

वाटेत आधी माणिकडोह धरण लागतं. कुकडीवरचं हे धरण साधारण दहा टीएमसीचं (म्हणजे दहा अब्ज घनफूट पाण्याचं), पण पुरतं भरण्याची वर्षं कमी. शेजारच्या घोड नदीवरचं डिंभे धरण मात्र लवकर भरून वाहतं. म्हणून डिंभ्याचं पाणी बोगद्याने माणिकडोहात आणावं अशी योजना निघाली आणि आंबेगाव, जुन्नर आणि खालचा नगर जिल्हा असा तिरंगी वाद त्यावरून पेटला. या वादात कोण बरोबर ते पाण्याच्या आवर्तनात कुणाचं शेत शेवटी येतं यावर ठरतं.

धरणाच्या पुढे चावंड. पायऱ्यांचा वरचा भाग १८१८ मध्ये इंग्रजांनी उडवला, तिथे आता कठडे लावले आहेत. गड चढून यायला तीन तास लागतात, आणि वर सात टाक्यांची एक रांग आहे, तिला सप्तमातृका म्हणतात. त्याच दिवशी नाणेघाट करायचा तर चावंड खालूनच पाहावा. पूर गावातलं कुकडेश्वर मात्र सोडू नये. कुकडीचा उगम इथला मानतात. देवळाचा कळस गेलेला, पण भिंतींवरचं कोरीवकाम शाबूत आहे, आणि शिल्पं डोळ्यांच्या पातळीवर असल्याने ती पाहायला खिरेश्वरसारखी मान मोडावी लागत नाही.

पूरच्या पुढे भातखाचरं सुरू होतात. हा महादेव कोळी आणि ठाकर वस्तीचा भाग. जूनआधी राब, म्हणजे पाला-फांद्यांचा थर, भाजायचा, त्यावर रोप टाकायचं, जुलैत आवणी, म्हणजे लावणी, आणि उतारावर नाचणी-वरई. रोख पैसा देणारी गोष्ट म्हणजे हिरडा. झाडावरचं कोवळं फळ गळण्याआधी उतरवून वाळवतात, तो बाळहिरडा. व्यापारी त्याचीच किंमत देतो. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने या पट्ट्यातली हिरड्याची झाडं मोडली. हिरडा कलमाने दोन वर्षांत येत नाही, त्यामुळे ते नुकसान एका हंगामाचं नव्हतं.

घाटघरनंतर रस्ता सपाट पठारावर येतो आणि एकदम संपतो. समोर कोकण. डाव्या हाताला जीवधनचा कडा आणि त्याला लगटून उभा असलेला वानरलिंगीचा सुळका, उजव्या हाताला नानाचा अंगठा. मधल्या खाचेत उतरण्याआधी दगडी रांजण दिसतो. एका अखंड दगडात कोरलेला हा रांजण जकातीची नाणी टाकायला होता असं सगळे सांगतात. त्यावर लेख मात्र नाही. जकात होती यात शंका घ्यायचं कारण नाही, रांजणातच टाकायचे का एवढाच प्रश्न.

खाचेत फरसबंद वाटेने थोडं उतरलं की डाव्या अंगाला गुहा. तालुक्यात एकच ठिकाण पाहायला वेळ असेल तर ते हे. मागच्या भिंतीवर एके काळी आठ उठावाच्या मूर्ती होत्या. आता नुसती पावलं उरली आहेत, आणि वर नावं. पहिलं नाव राजा सिमुक सातवाहन, त्याशेजारी देवी नायनिका आणि राजा श्रीसातकर्णी, मग कुमार भायल, पुढे महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. मधला काही भाग गेला. राजघराण्याची इतकी जुनी नावांसकट शिल्पं भारतात फारशी नाहीत, आणि त्यांतली माणसं गेली, पावलं राहिली.

डाव्या आणि उजव्या भिंतीवर प्रत्येकी दहा ओळींचा ब्राह्मी लेख, भाषा प्राकृत. सुरुवात नमनाची: धर्माला, इंद्राला, संकर्षण-वासुदेवांना, चंद्र-सूर्याला, आणि यम, वरुण, कुबेर, वासव या चार लोकपालांना. मग यज्ञांची यादी. अश्वमेध, राजसूय, आणि प्रत्येकाची दक्षिणा आकड्यांत. एका यज्ञाला १७०० गाई आणि १० हत्ती. एका ठिकाणी २४,४०० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी. लेखाचं खरं मोल या आकड्यांत आहे, म्हणून ते शोधून पाहावेत.

२४,४०० हा आकडा आपण पाच अंकांत लिहितो. तिथे तीनच चिन्हं आहेत. पहिलं वीस हजारांचं: हजाराच्या चिन्हाला वीसचं चिन्ह जोडलेलं. दुसरं चार हजारांचं: हजाराला चारचं चिन्ह जोडलेलं. तिसरं चारशेचं: शंभराला तेच चारचं चिन्ह. शून्य नाही, स्थानानुसार किंमत नाही. दशक, शतक, सहस्र यांना वेगळी चिन्हं, आणि शतक-सहस्राला गुणायला अंक चिकटवलेला. म्हणजे १७०० साठी हजार आणि सातशे अशी दोन चिन्हं पुरली. आपल्या आजच्या अंकांच्या पूर्वजांच्या फार जुन्या खुणांपैकी काही या भिंतीवर आहेत, आणि त्या कुणा गणित्याने नव्हे, दक्षिणेचा हिशेब मांडणाऱ्याने कोरल्या.

वाचायला युक्ती: बॅटरी भिंतीच्या समोरून धरू नका. भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड टाका, म्हणजे अक्षरांच्या खोबणीत सावली पडते. खालच्या ओळी ओलीने आणि माणसांच्या पाठी घासून झिजल्या आहेत. गुहेत मुक्काम, चूल, खडूने अक्षरं गिरवणं यातलं काहीही करू नये. खडू कुठल्याच परीने पूर्ण निघत नाही.

उलटा धबधबा पाहायला जुलै-ऑगस्टमध्ये लोक येतात. नैर्ऋत्येचा वारा कोकणातून येतो, भिंतीवर आदळतो आणि वर वळतो. कड्यावरून पडणारी पाण्याची बारीक धार तो परत वर उडवतो. वारा पडला की तोच धबधबा सुलटा होतो. त्यामुळे कडेला वाकून बघण्याचा मोह होतो तेव्हा नेमका वारा जोराचा असतो, आणि शेवाळलेला कातळ पायाखाली. झोपून, पोटावर सरकत बघावं. नाहीतर बघूच नये.

जीवधन याच दिवशी जोडायचा असेल तर घाटघरच्या बाजूने चढावा. नाणेघाटाकडून कल्याण दरवाज्याने चढणारी वाट फोडलेल्या पायऱ्यांची आहे, तिथे दोर लागतो आणि ओल्या कातळावर ती घेऊच नये. वर दगडी धान्यकोठी पाहण्यासारखी. निजामशाहीच्या पडत्या काळात शेवटचा निजामशहा, मूर्तिजा नावाचा पोरगा, इथे कैदेत होता. शहाजीराजांनी त्याला सोडवून पेमगिरीवर गादीवर बसवलं. १६३६ मध्ये तो डाव मोडला आणि शहाजीराजांना जीवधन, चावंड, हडसर हे गड मोगलांच्या हवाली करावे लागले. एका दिवसात हे तिन्ही गड रस्त्यावरून दिसतात, तेव्हा त्या तहात काय गेलं ते नीट कळतं: नाणेघाटाची अख्खी राखण.

तिसरा दिवस: लेणी

घाटातून माल येत होता म्हणून जुन्नरला पैसा होता, आणि पैसा होता म्हणून डोंगर कोरले गेले. शहराभोवतीच्या डोंगरांत मिळून दीडशेहून जास्त लेणी आहेत. एका गावाभोवती इतकी दाटी दुसरीकडे सापडणं कठीण. सगळी पाहायची म्हटलं तर आठवडा लागेल. एका दिवसात लेण्याद्री, तुळजा आणि मानमोडी होतात, याच क्रमाने, कारण लेण्याद्रीला सकाळी गर्दी कमी असते.

लेण्याद्री शहराच्या उत्तरेला, कुकडीपलीकडे. सुमारे तीनशे पायऱ्या. वर गिरिजात्मज गणपती, अष्टविनायकांपैकी एक, आणि तो बसला आहे तो बौद्ध विहार. म्हणूनच देवदर्शनाला पुरातत्त्व खात्याचं तिकीट काढावं लागतं, याचं पहिल्यांदा येणाऱ्याला नवल वाटतं. सभामंडप प्रचंड आहे आणि मध्ये एकही खांब नाही. तीन बाजूंना भिक्खूंच्या खोल्या. शेजारचं सहा क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, बहुतेक भाविक बघतसुद्धा नाहीत. त्यावरचा लेख सांगतो की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाच्या, म्हणजे सोनाराच्या, मुलाने, सुलसदताने दिलं. पहिल्या दिवशी आपण ज्या कल्याणहून एसटीने आलो, तिथला हा दानशूर.

पायऱ्यांवर माकडं आहेत; प्रसादाची पिशवी हातात लोंबकळती ठेवू नका. आणि कड्यांना आग्या मोहोळं लटकलेली असतात. शिवनेरीवरही तेच. अत्तर लावून जाणं, धूर करणं, मोठ्याने ओरडणं, दगड मारणं यातलं एकही कारण माश्या उठायला पुरतं. उठल्या तर हात न झटकता, तोंड झाकून खाली निघायचं. पाण्यात उडी वगैरे फक्त सिनेमात.

तुळजा लेणी शहराच्या पश्चिमेला, लहानशी रांग. इथलं चैत्यगृह गोल आहे, बारा साध्या अष्टकोनी खांबांच्या कड्यात स्तूप आणि वर घुमट. लाकडी गोल झोपडीची दगडात केलेली नक्कल वाटावी असं. असं गोल चैत्यगृह लेण्यांमध्ये दुर्मीळ.

दुपार मानमोडीला द्यावी. डोंगर शहराच्या दक्षिणेला. पायथ्यापर्यंत रिक्षा जाते, मग काटेरी झुडपांतली पायवाट. पाटी असेलच असं नाही, म्हणून गावातल्या माणसाला ‘अंबा-अंबिका लेणी’ विचारावीत. इथलं एक चैत्यगृह अर्धवट सोडलेलं आहे, आणि लेणं कसं कोरतात ते शिकायला पूर्ण लेण्यापेक्षा हे बरं. काम वरून खाली येतं: आधी छत आणि कमान पुरी करायची, मग खालचा दगड उतरवत जायचा. त्यामुळे परांची बांधायची गरज पडत नाही, कारागीर आपल्याच न कोरलेल्या दगडावर उभा असतो.

मानमोडीचे लेख म्हणजे त्या काळच्या बाजाराची वही आहे. एकात महाक्षत्रप नहपान या शक राजाचा अमात्य, वत्सगोत्री अयम, शेहेचाळिसाव्या वर्षी एक पोढी आणि मंडप दिल्याचं सांगतो. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. हा शब्द इथल्या लेखांत सारखा भेटतो, कारण जवळपास प्रत्येक लेण्याशेजारी एक टाकं खोदलेलं आहे. पावसाळ्यात भिक्खू एका जागी राहायचे खरे, पण पुढचे आठ महिने प्यायचं काय हा प्रश्न या खडकावर तेव्हाही होता. दुसऱ्या लेखात ठेव ठेवलेली आहे: बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे, म्हणजे कारागिरांच्या संघाकडे, तिचा दरमहाचा आकडा पावणेदोन, कासारांच्या श्रेणीकडे, तिचा पाव. दोन्ही मिळून बरोबर दोन. अडुथुम नावाच्या शकाने करंजाच्या झाडांसकट वीस निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) जमीन दिली. जुन्नरच्या लेण्यांत इरिल, चिट आणि चंद अशी तीन यवनांची, म्हणजे ग्रीकांची नावंही आहेत. त्यांतल्या चंदाने मानमोडीतल्या भूतलेण्याचं ‘गभदार’, म्हणजे गर्भद्वार दिलं. ते दार वरच्या गजलक्ष्मीच्या कोरीवकामावरून ओळखू येतं.

चौथा दिवस: शिवनेरी आणि शहर

शिवनेरीवर पहाटे जावं. पायऱ्यांची वाट सात दरवाज्यांतून जाते. साखळदंडाची जुनी वाट पश्चिमेकडून कातळातल्या खोबण्यांवरून चढते, ती सवय असलेल्यांनीच घ्यावी. शिवाई देवीचं देऊळ पाचव्या दरवाज्याच्या आसपास वाट सोडून उजवीकडे आहे, घाईत निसटतं.

शिवजन्म १९ फेब्रुवारी १६३०, फाल्गुन वद्य तृतीया. जन्मस्थानाची इमारत, गंगा-जमुना टाकी, अंबरखाना, बदामी तलाव, कमानी मशीद, कडेलोटाचं टोक या सगळ्याला दोन-अडीच तास पुरतात. १६५७ मध्ये शिवरायांनी खालचं जुन्नर शहर मारलं, तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले. पण ज्या गडावर जन्मले तो हयातीत त्यांच्या हाती परत आला नाही. १६७३ मध्ये इंग्रज वैद्य जॉन फ्रायर मोगल किल्लेदाराकडे आला होता, त्याने लिहून ठेवलं की हजार कुटुंबांना सात वर्षं पुरेल एवढी शिधासामग्री वर होती. गंगा-जमुना टाक्यांतलं थंड पाणी पाहिलं की वेढा का फसायचा ते उमजतं. गडमाथ्यावरच्या काळ्या चौथऱ्यावर मोगलांनी बंडखोर महादेव कोळ्यांची कत्तल केली असं परंपरा सांगते.

फ्रायरच्या दोनशे वर्षं आधी, १४७० च्या आसपास, अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलहून चालत जुन्नरला आला आणि पावसात अडकला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, असं त्याने लिहिलं आहे. पश्चिम जुन्नरच्या पावसाळ्याचं याहून नेमकं वर्णन आजही सापडणार नाही. गड माणसाने नव्हे, देवाने बांधला आहे आणि वाट एका वेळी एकाच माणसापुरती, असंही तो म्हणतो. इथल्या सुभेदाराने, असदखानाने, त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदल, तर परत देतो म्हणून अट घातली. खोजा मुहम्मद नावाच्या खुरासानी माणसाच्या रदबदलीने घोडा सुटला. समुद्रावरून आणलेल्या घोड्याची किंमत तेव्हा काय होती ते या भांडणावरून कळतं.

दुपारी शहर. मलिक अहमदने १४९० मध्ये बहामनींपासून फुटून निजामशाही मांडली ती जुन्नरातून. अहमदनगर नंतर वसलं. त्या काळाच्या खुणा शहराबाहेर पूर्वेला: हबशी महाल, आणि ‘हबशीबाग’ या नावाचं घासून झालेलं हापूसबाग गाव. आंब्याचा इथे काही संबंध नाही. तिथला सौदागर घुमट वाटेवरून दिसतो. जुन्नरी कागद हीसुद्धा शहराची एके काळची ओळख. पेशवे दफ्तरातल्या कागदांत तो भेटतो. संध्याकाळी ओझरला विघ्नहराचं दर्शन घेऊन नारायणगाव गाठावं. ओझरचं देऊळ येडगाव धरणाच्या पाण्याला लागून आहे. याच धरणातून कुकडीचा डावा कालवा निघतो आणि सुमारे अडीचशे किलोमीटर लांब, पारनेर, श्रीगोंदा, कर्जतवरून थेट करमाळ्यापर्यंत जातो.

पाचवा दिवस: नारायणगाव, खोडद, बोरी, आणे

सकाळी नारायणगावचा टोमॅटो बाजार. वीस किलोचं क्रेट हे इथलं माप. भाव क्रेटचा बोलतात, किलोचा नाही. रंगावर प्रतवारी: दूरच्या गाडीला हिरवट-पिवळा, जवळच्या बाजाराला लाल. २०२३ च्या जुलैत क्रेट दोन हजारांच्या वर गेलं, आणि पुढच्याच महिन्यांत घसरलं, कारण भाव पाहून सगळ्यांनी एकदम लावण केली. द्राक्षाचं गणित वेगळं: एप्रिलमध्ये खरड छाटणी, दसऱ्याच्या सुमारास गोडी छाटणी, माल जानेवारीपासून पुढे. गोडी भरत असताना अवकाळी पाऊस आला की मणी पाणी ओढून तडकतो, आणि एक तडकलेला मणी आख्खा घड कुजवतो.

नारायणगाव तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं हे गाव. पाडव्याच्या सुमारास आला तर स्थानकाजवळ फडांच्या राहुट्या लागलेल्या दिसतील. गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला इथेच येतात.

पूर्वेला दहाएक किलोमीटरवर खोडद. इथे महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या तीस थाळ्या, त्यांतल्या चौदा मध्यभागी दाटीने, सोळा तीन बाहूंवर, टोकाच्या दोघींत पंचवीस किलोमीटर. थाळी जवळून पाहिली की ती पत्र्याची नाही, अर्धा मिलिमीटर जाडीच्या तारेची जाळी आहे, भोक एक-दोन सेंटिमीटरचं. मोजायच्या लहरी एकवीस सेंटिमीटर आणि त्याहून लांब. त्यांना ही जाळी अखंड भिंतीसारखी. वाऱ्याला मात्र ती भोकंच, म्हणून ढाचा हलका ठेवता आला. जागा निवडताना भोवतीच्या टेकड्यांचा आडोसा आणि रेडिओ गोंगाटाचा अभाव पाहिला होता. पुणे-नाशिक वेगवान रेल्वेची आखणी याच कारणाने बदलावी लागली. आत जायला आधी परवानगी घ्यावी लागते, आणि मोबाइल बंद करून ठेवावा लागतो. तो नुसता आवाज बंद करून चालत नाही. जवळच आर्वीला देशातलं पहिलं व्यापारी उपग्रह भूकेंद्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालं होतं.

बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठावर मातीच्या कड्यात राखेचा फिकट पट्टा दिसतो. हात लावला तर पिठासारखा. ही ज्वालामुखीची राख आहे, सह्याद्रीची नव्हे, सुमात्रातल्या टोबाची. ती चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वीच्या मोठ्या स्फोटाची, की त्याच्या खूप आधीच्या एखाद्या स्फोटाची, यावर संशोधकांत वाद आहे. जवळ सापडलेल्या अश्मयुगीन हत्यारांचं वय त्यावर ठरतं. नदीकाठी वाळू उपशाने कडे ढासळलेत, खाली उभं राहू नये. राख उकरून नेऊ नये.

हा सगळा ऊसपट्टा, आणि बिबट्याचं घर. कालवे आले, ऊस आला, आणि उसाने वर्षभराचा आडोसा दिला. मादी फडातच पिल्लं घालते. कुत्री आणि शेळ्या हे सोपं खाद्य. तोडणीच्या हंगामात फड मोकळा झाला की जनावर बाहेर पडतं, म्हणून धोका तेव्हा जास्त. शेतीपंपाची वीज रात्री आली की शेतकऱ्याला अंधारात पाणी धरायला जावंच लागतं. प्रवाशाने एवढं पाळावं: अंधार पडल्यावर पायी आडवाटेने जाऊ नये, आणि फडाच्या कडेला वाकून किंवा बसून राहू नये. पकडलेले बिबटे माणिकडोहच्या निवारा केंद्रात ठेवतात.

आळेफाट्याला पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर रस्ते एकमेकांना छेदतात. आळ्यात ज्ञानोबांच्या रेड्याची समाधी. पूर्वेला बेल्हे, सोमवार असेल तर बैलबाजार. पुढे आणे घाट चढला की हिरवं संपतं. कालव्याचं पाणी या पठारावर चढत नाही. इथे बाजरी, आणि प्लास्टिक अंथरलेली शेततळी. आण्याच्या रंगदास स्वामींच्या पौषातल्या यात्रेत आमटी-भाकरीचा प्रसाद असतो. आमटी मोठ्या कढयांत शिजते, भाकरी घराघरांतून येते.

घाटाच्या अलीकडे गुळुंचवाडीला मळगंगेच्या देवळापाशी नैसर्गिक पूल आहे. ओढ्याने बेसॉल्टचा खालचा भाग पोखरून काढला आणि वर कमान राहिली. तिच्यावरून गावची वाट जाते. वरून चालताना पूल आहे हेच कळत नाही, म्हणून डाव्या बाजूने ओढ्यात उतरून खालून पाहावं. सप्टेंबरात पाणी घोट्यापर्यंत असतं, दगड निसरडे. कल्याणकडे जाणारी एसटी हात केला तर इथे थांबतेच असं नाही. आळेफाट्यापर्यंत वडाप पकडावी आणि तिथून गाडी बदलावी.